गोड बोलणारी आक्का

आमच्या गल्लीतली आक्का कुणाशी गोड बोलली, असं इतक्या वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणून त्या दिवशी स्टाफरूममध्ये माझा फोन वाजला आणि तिच्या नावानं "नमस्कार मॅडम, कशा आहात? जेवण झाले का?" असा निरोप आला, तेव्हा मी डबा उघडायचं सोडून चष्मा पुसला. खाली हात जोडल्याचं चित्र होतं. त्याच्याही खाली गुलाबाचं फूल.

आक्का कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. सोलापुरात कडक भाकरी करणाऱ्या बायकांना तोटा नाही, पण आक्काकडे माणसं भाकरीइतकीच बोलणी खायला येतात. कुणी चुकून विचारलं, "ताजी आहे ना?" तर ती म्हणते, "न्हाय, माज्या सासूनं तिच्या लग्नात केलीया. घ्यायची तर घे." भावात घासाघीस करणाऱ्याला ती थेट कानडीत घालवते, कारण तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, आणि तिच्या मते खरा राग मराठीत नीट येत नाही. मात्र एक गोष्ट सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ आहे. बोलून झालं की तिला वाईट वाटतं, आणि मग हात सैल सुटतो. दहाच्या पुडक्यात बारा भाकऱ्या जातात. काही चतुर लोक मुद्दाम तिला डिवचतात. मीही डिवचते. उगाच सभ्यपणाचा आव आणण्यात अर्थ नाही.

माझं सांगायचं तर मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि उरलेल्या वेळात सायबर गुन्ह्यांवर फुकट व्याख्यानं देते. महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, कुंभारीच्या वसाहतीतलं वाचनालय, कुणीही बोलावलं की मी स्लाइड घेऊन हजर. माझं एकच ब्रीदवाक्य आहे, "आधी शंका घ्या." ते माझ्या इतकं अंगी मुरलंय की आमटीत मीठ जास्त झालंय असं नवरा म्हणाला, तरी मी पुरावा मागते.

तर, आक्काच्या नावानं गुलाबाचं फूल आलं होतं. गुन्ह्याचा तपास करायचा तर आधी भाषा बघायची, असं मी मुलांना शिकवते. आक्काचे आजवरचे सगळे लेखी निरोप मी वर सरकवून पाहिले. "संपली." "उद्या." "न्हाय." "डबा." यापेक्षा मोठं वाक्य तिनं कधी लिहिलं नव्हतं, लिहायचा तिला कंटाळा. जास्त बोलायचं असेल तर ती आवाज रेकॉर्ड करून पाठवायची, आणि तो चारचौघांत ऐकायची सोय नसायची. असल्या बाईनं 'जेवण झाले का' असं शुद्ध लिहावं? तरी खात्री हवी म्हणून मी एक खोडी काढली. लिहिलं, "आक्का, आज दोन डझन भाकरी फुकट देतेस का?"

उत्तर लगेच आलं. "हो नक्की मॅडम. फक्त मला एक छोटीशी मदत हवी होती."

खरी आक्का असती तर फोनमधून हात बाहेर आला असता. चोर पकडला गेला होता, म्हणजे माझ्या लेखी. मी न उघडलेला डबा तसाच पिशवीत टाकून घरी निघाले.

गल्लीत आले तर आक्काच्या दारात ही गर्दी. एकाच्या हातात शहाळं, दुसऱ्याच्या हातात मोसंबी, एक बाई तर अंगाऱ्याची पुडी घेऊन आलेली. निरोप सगळ्यांना गेला होता, आणि वाचून सगळ्यांनी एकच अर्थ काढला होता, की आक्का आता काही राहत नाही. शेवट जवळ आल्याशिवाय ही बाई गुलाबाचं फूल पाठवणं शक्य नव्हतं. आक्का उंबऱ्यात उभी राहून शहाळेवाल्याला झापत होती.

"मला काय झालंय रं? दवाखाना दाखवला का म्हनं! तुला दाखवू का दवाखाना? ह्यो बघ गं, शहाळं घिऊन आलाय. मी मेले व्हय?"

शहाळेवाल्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की बस. आक्का ठणठणीत होती.

मी सगळ्यांना तिथंच सांगितलं की तो निरोप आक्काचा नाही, कुणी पैसे मागितले तर देऊ नका, आणि तिला आत नेऊन बसवलं. त्या मेसेजच्या ॲपला आक्का 'हिरवं' म्हणते. तिचं हिरवं तिच्या फोनवर उघडत नव्हतं, सकाळपासून. तिला वाटलं होतं की रेंज गेली.

"कुणाचा फोन आला होता का?" मी विचारलं.

"पार्सलवाल्याचा आलता की."

आक्का कुरिअरनं पुण्याला भाकऱ्या पाठवते. फोनवरचा मुलगा म्हणाला होता, तुमचं पार्सल अडकलंय, लवकर सोडवलं नाही तर वरती दुसरी पोती पडून आत चुरा होईल. चुऱ्याचं नाव काढल्यावर आक्काचा तोल गेला. तिनं त्याचं, त्याच्या कंपनीचं आणि त्याला जन्म देणाऱ्यांचं जे काय करायचं ते केलं. तो गप्प ऐकत राहिला. शेवटी अगदी नरमाईनं म्हणाला, "मावशी, फक्त एक नंबर सांगतो तेवढा फिरवा, मग पार्सल आणणारा पोरगा थेट तुमच्याशी बोलेल." नंबराच्या सुरुवातीला चांदणी होती.

"आन् तू फिरवलास."

"लई गरीब वाटलं गं पोरगं. एवडं बोलले, पन उलटून बोललं न्हाय. माजंच मन मला खाया लागलं."

म्हणजे गिऱ्हाइकं ज्या वाटेनं दोन भाकऱ्या जास्त काढतात, त्याच वाटेनं चोरानं तिचा अख्खा नंबर काढला. त्या चांदणीच्या नंबरानं तिचे फोन चोराकडे वळले. मग त्यानं तिचं हिरवं आपल्या फोनवर उघडायला घेतलं, खात्री करायचा आकडा कॉलवर आला तोही त्याच्याकडेच गेला, आणि आत शिरल्यावर त्यानं आतून स्वतःचं कुलूप लावलं. आक्काला हे समजावून सांगताना मी तेच सांगितलं जे नंतर प्रत्येक व्याख्यानात सांगते. एवढी बोलणी खाऊन जो शांत राहतो तो एक तर साधू असतो, नाही तर चोर, आणि साधू कुरिअर कंपनीत नोकरी करत नाहीत.

वळवलेले फोन मी पुन्हा जागेवर आणले. हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. पण चोराच्या कुलपाला आमच्याकडे किल्ली नव्हती, ते आठवड्यानं आपोआप गळून पडणार होतं. आठवडाभर तो आक्का होऊन बोलणार, आणि आक्का नुसती बघणार.

हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा घाबरली. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती. पुण्यामुंबईला गेलेली पोरं जत्रेला घरी येतात आणि जाताना भाकऱ्यांची पुडकी नेतात, तिचं अर्धं वर्ष त्यावर चालतं. त्या सगळ्यांचे नंबर तिच्या फोनात होते आणि आता त्या सगळ्यांशी चोर बोलत होता. पण तिला धंद्याची नव्हती तेवढी दुसरीच काळजी होती.

"एकानं जरी माज्या नावाला भुलून पैसं दिलं, तर मी त्याच्या दारात कुटल्या तोंडानं जाऊ? माजं नाव हाय गं ते. दुसरं हायच काय माज्याकडं?"

 शंका घ्या, हे वाक्य तिथं उपयोगाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सायबर पोलिसांकडे गेलो. टेबलामागं एक तरणा शिपाई होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, "मावशी, तुमची ओळख पटवायला काही आणलंय का?" आक्का पिशवीत आधार कार्ड शोधत होती. शोधता शोधता तिनं मान वर केली, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि तिचा आवाज चढला.

"तू त्यो न्हवं? गणपतीत चटणी नेलीस ती? माजा डबा कुटाय?"

शिपाई लाल झाला. आजूबाजूच्या टेबलांवरची टकटक थांबली.

"आहे आक्का, घरीच आहे. रिकामा कसा देऊ? काहीतरी गोडाधोडाचं झालं की भरून देतो, म्हणून राहिलाय."

मग त्यानं आधार कार्ड बघितलंच नाही. तक्रार लिहून घेतली.

आता हे डब्याचं प्रकरण सांगायला हवं. आक्काला प्लॅस्टिकचा तिटकारा. चटणी ती स्टीलच्या डब्यातून देते, झाकणावर तिच्या सासूचं नाव कोरलेलं. डबा परत करायचा. पण आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, त्यात काहीतरी घालून द्यायचं. आणि आक्काच्या डब्यात घालायचं म्हणजे काय घालायचं? तिला नावं ठेवायला जागा मिळणार नाही असं काही आपल्या हातून होईल याची कुणालाच खात्री नाही. मग लोक पुढच्या सणाची वाट बघतात. सण जातो. डबा फडताळात मागं सरकतो. असे किती डबे सोलापुरात पसरलेत याची मोजदाद नाही, पण कुठला डबा कुणाच्या घरी आहे हे आक्काच्या डोक्यात पक्कं असतं.

परतीच्या रिक्षात मला हसू यायला लागलं. आक्कानं वैतागून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "आक्का, तुला तुझं नाव परत मिळवून देते. तू फक्त डबे माग."

मुलांना मी शिकवते की ओळख पटवायला असं काहीतरी लागतं, जे फक्त दोघांना माहीत आहे आणि तिसऱ्याला कळायची सोय नाही. नुसत्या आवाजावर जायचे दिवस संपले. हल्ली कुणाचा आवाज दोन वाक्यं ऐकली की यंत्र हुबेहूब काढतं, आणि आक्काच्या आवाजाचे नमुने तर चोराच्या हातात ढिगानं पडलेले. पण चोराला यंत्र मिळालं तरी डबा कुठून मिळणार? इतका अस्सल गुपित-संकेत कुठल्या बँकेकडेही नसेल, असं मी रिक्षावाल्यालाही सांगितलं. त्यानं आरशातून आक्काकडे बघितलं आणि घाईनं नजर फिरवली. त्याच्याकडेही डबा असावा.

दुपारभर आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसलो. फोनात नंबर होतेच. ते मी माझ्या फोनात घेतले आणि एकेकाला आक्काच्या आवाजात निरोप धाडायला सुरुवात केली. सुरुवात ठरलेली असायची. "मी आक्का बोलतीया. माजं हिरवं चोरानं नेलंय. जो गोड बोलतो त्यो मी न्हवं. त्याला एक पैसा दिऊ नका." मग खास त्या घरापुरतं. "आन् मोटा डबा, ज्याचं झाकान तुज्या पोरानं वर बसून चेपवलं, त्यो कवा देनार?" "तुमच्या सुनंनं डाळ भरून ठिवलीया त्यात, मला दिसलं न्हाय व्हय?" एका डॉक्टरांना तिनं जे सांगितलं ते मी दोनदा थांबवून पुन्हा रेकॉर्ड करायला लावलं, तरी तिसऱ्यांदा तसंच आलं, मग तेच पाठवलं.

परिणाम बघण्यासारखा झाला. एकानंही शंका घेतली नाही. चोराला लोकांनी उत्तरं देणं बंद केलं, काहींनी तर त्याला उलट विचारलं, "बरं आक्का, सांग, माझ्याकडं तुझा कुठला डबा आहे?" तो बिचारा म्हणाला, "कोणता डबा मॅडम?" आणि तिथंच त्याचा धंदा बसला.

संध्याकाळपासून डबे यायला लागले. संक्रांतीचे दिवस, त्यामुळे तिळाचे लाडू, शेंगापोळ्या, हलवा, सगळं भरभरून. ओट्यावर जागा उरली नाही, डबे चुलीशी आणि मग माळ्यावर गेले. झाकण चेपलेला डबाही आला, आत चिरोटे. आक्का प्रत्येक झाकण उघडून नाक मुरडत होती आणि खात होती. "चोरानं भलंच केलं की माजं," ती म्हणाली.

फक्त एक गृहस्थ बधले नाहीत. नव्या पेठेत त्यांचं दुकान आहे. त्यांनी गल्लीच्या ग्रुपवर उलट जाहीर निवेदन टाकलं, की आक्काच्या नावानं डबे मागणारा आवाज नकली असून सायबर भामट्यांपासून सर्वांनी सावध राहावं, आधी शंका घ्यावी. माझंच वाक्य! चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. त्यांच्याकडे दोन डबे आहेत, आजही आहेत.

रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की या युक्तीत एक भोक आहे. ज्यांच्याकडे डबा आहे त्यांनाच तो मागता येतो. जे भले लोक डबा वेळच्या वेळी परत देतात त्यांच्याशी आक्काचं काही गुपितच नव्हतं. म्हणजे फसायला मोकळी राहिली ती फक्त प्रामाणिक माणसं. अशी थोडी होती, हे सोलापूरचं नशीब म्हणा की दुर्दैव. त्यांना एकेक करून फोन लावले. एक जण मात्र उचलेना.

ते चाचा. विजापूर वेशीजवळ राहतात, एसटीत ड्रायव्हर होते, बायको जाऊन काही वर्षं झाली. पोरगी सासरी, हैदराबादला. दर आठवड्याला येऊन ते चार भाकऱ्या आणि पावशेर चटणी नेतात. डबा दुसऱ्या दिवशी परत, घासून लख्ख, आत दोन लिंबं नाही तर मूठभर खजूर. आक्का त्यांच्याशी फारसं बोलत नाही, कारण त्यांच्यावर ओरडायला ते काही निमित्तच देत नाहीत. ते येतात, पैसे ठेवतात, "चलता हूँ आक्का" म्हणतात आणि जातात.

सकाळी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. चाचा दाराला कुलूप लावत होते. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशात बँकेचं पासबुक. आक्काला बघून त्यांचा चेहरा उजळला. "आप कायको आये आक्का? मैं निकलाच था बँकेत."

आक्का तिथंच पायरीवर बसली.  मी चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी कुलूप काढलं, आम्हाला आत बसवलं, आणि फोन माझ्या हातात दिला.

पैशाचं बोलणं अगदी शेवटी होतं. त्याआधी चोर दोन दिवस त्यांच्याशी नुसता बोलत होता. भुरट्यांची ही पद्धत मी स्लाइडवर दाखवते, आधी ओळख घट्ट करायची, मग हात पसरायचा. स्लाइडवर ती एका ओळीत बसते. इथं चोरानं विचारलं होतं, "जेवलात का?" आणि चाचांनी भलंमोठं उत्तर लिहिलं होतं, मोडक्यातोडक्या मराठीत. दुपारी ते जेवत नाहीत. एकट्यासाठी काय करायचं. बायको असताना दुपारी ड्युटीवरून येऊन जेवायचे, आता त्या वेळेला घरात बसवत नाही म्हणून दर्ग्याच्या ओट्यावर जाऊन बसतात. चोरानं लिहिलं होतं, "असं करू नका. वेळेवर जेवत जा." त्यावर चाचांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं.

आक्कानं फोन माझ्याकडून घेतला. बोट फिरवत फिरवत एकेक ओळ वाचली. तिला वाचायला वेळ लागतो.  मला चोराचा असा राग आला होता की तो समोर असता तर मी आक्काची कानडी वापरली असती, येत नसली तरी.

"हे तुमी मला कदी बोलला न्हाय," आक्का शेवटी म्हणाली.

"आप कब्बी पूछे नै," चाचा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. मग माझ्याकडे बघून त्यांनी हळूच सांगितलं, "मेरे कू शक आया था म्याडम. आक्का इत्ता मीठा बोलते नै. पन पूछ तो रा था कोई."

 त्यानंतरचे दोन दिवस आक्कानं कुणालाही झापलं नाही. भाकरी बांधायची, पैसे घ्यायचे, बस. गिऱ्हाइकं पुन्हा एकमेकांकडे बघायला लागली, आणि शहाळेवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं की चोर आता आक्काच्या अंगातच तर नाही ना शिरला.

लोक जागे झालेत तोवर शिकवून घ्यावं म्हणून मी त्याच आठवड्यात गल्लीत एक वर्ग घेतला. चाचा सगळ्यांत आधी येऊन पहिल्या रांगेत बसले. इतका मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला कॉलेजात मिळालेला नाही. मी सांगितलं, ओळखीच्या नावानं कुणी गोड बोललं तर उत्तर द्यायचं नाही. तो नंबर बंद करायचा. आणि जाणत्या माणसाला कळवायचं. "जाणता मतलब आप?" चाचांनी विचारलं. मी नम्रपणे हो म्हटलं. माझ्या वर्गाचं ते यश पुढं मला महागात पडणार होतं, पण तेव्हा मी खूष होते.

आठवडा संपला आणि चोराचं कुलूप गळालं. मी आक्काचं हिरवं तिच्या फोनवर उघडून दिलं, आमचं स्वतःचं कुलूप लावलं, आकडा तिला पाठ करायला लावला. वाटलं, आता ही पहिला निरोप नव्या पेठेतल्या त्या दुकानदाराला पाठवणार. पण ती म्हणाली, "सरक जरा. मला लिवायचंय."

"बोल ना, मी लिहिते."

"न्हाय. मीच लिवनार."

ती एका बोटानं लिहीत बसली. अक्षर सापडेना की पुटपुटायची. दोनदा पुसलं. मला दाखवायला तयार नव्हती, पण मी वाकून बघितलंच, माझा स्वभावच तसा आहे. तिनं चाचांना लिहिलं होतं, "जेवला का".

निरोप गेला. ती फोन पदरात धरून बसली. मी काही बोलले नाही, हे माझ्या दृष्टीनं मोठंच.

थोड्या वेळानं फोन वाजला, पण माझा. चाचांनी आक्काच्या त्याच निरोपाचा फोटो काढून मला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "म्याडम, चोर वापस आया. मैं जवाब नै दिया. नंबर बंद कर दिया. आपने सिखाया वैसाच किया."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिथं फुंकायला मीच शिकवलं होतं. आक्कानं फोन माझ्या हातातून ओढला आणि वाचला. मी घाईघाईनं म्हटलं, "थांब आक्का, मी कळवते त्यांना, की हे खरंच तू—"

"खबरदार कळवलंस तर," ती म्हणाली. "तू न्हाय सांगायचं. तुजं शिकवनं बास झालं."

ती उठली. हात धुतले, पदर सारखा केला, चपला घातल्या. जानेवारी असला तरी भर दुपारी सोलापूरचं ऊन काही हिवाळा पाळत नाही. रिक्षा बघू का म्हणून मी विचारलं तर तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. मी तिच्याच ओट्यावर बसून राहिले. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना मी भाकऱ्या बांधून दिल्या, मोजून दहाच.

बऱ्याच वेळानं ती परत आली. घामानं डबडबलेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"इचारलं."

"काय?"

"जेवला का म्हनून. तोंडासमोर हुबी ऱ्हाऊन इचारलं. आता घे म्हनलं शंका."

"मग?"

"न्हाय म्हनाला." तिनं परात खाली ओढली आणि पीठ ओतलं. कडक भाकरीचं पीठ ती चांगलं घट्ट मळते. त्या दिवशी पाणी ओतायचं थांबेचना. मी म्हटलं, अगं सैल होतंय.

"हूं दे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मऊ करायचीया. वरचं दात पडून तीन वर्सं झाली म्हनं त्याचं. चहात भिजवून खातोय माजी भाकरी, आन् मला कुनी सांगितलं न्हाय. बघतीस काय? तवा ठेव."